खुंटी क्रमांक ७१०४ बद्दलचा खुलासा

रकाना १. खुलासा देणाऱ्याचे नाव व हुद्दा

शैलजा कापगते, विषय-पडताळणी अधिकारी, विषयरेषा मंडळ, नागपूर विभाग. सेवा सतरा वर्षे. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून हुद्द्याच्या आधी 'माजी' लिहायचं की नाही हे मला कोणी कळवलेलं नाही. म्हणून लिहीत नाही.

रकाना २. चुकीचे स्वरूप (मर्यादा पन्नास शब्द)

माझ्या सख्ख्या बहिणीचा शोधनिबंध माझ्यासमोर आला. मी तो ओळखला आणि ओळखला नाही असं दाखवलं. निबंध तलावातल्या गाळाचा होता. मी तो रसायनाच्या विषयात टाकला. तिचं भलं व्हावं म्हणून.

रकाना ३. पार्श्वभूमी (मर्यादा पन्नास शब्द)

चौकशी समितीत एक सदस्य बाहेरचा असतो. त्याच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

विषयरेषा हे यंत्र देशात छापलेला प्रत्येक शोधनिबंध वाचतं आणि त्याचा एक ठिपका करतं. कागदावर ठिपक्याची जागा सांगायला दोन आकडे पुरतात, किती उजवीकडे आणि किती वर. विषयरेषेला चार हजार आकडे लागतात. ते कोणाला डोळ्यांपुढे आणता येत नाही, मलाही नाही. पण हिशेब तोच. सारखे निबंध जवळ पडतात, वेगळे लांब. ठिपक्यांचे ढग होतात. एक ढग म्हणजे एक विषय. पूर्वी विषयांच्या सीमा समित्या ठरवायच्या. दहा वर्षांतून एकदा बसायच्या, भांडायच्या, एखाद्या विषयाचं नाव बदलून उठायच्या. विषयरेषा दर सोमवारी सकाळी सगळ्या सीमा नव्याने आखते.

अडचण अशी की नुसते ठिपके सरकत राहतात, वाळत घातलेल्या चादरीसारखे. म्हणून त्यांना मध्ये मध्ये खुंट्या लागतात. खुंटी म्हणजे असा निबंध, ज्याचा विषय माणसाने ठरवला आहे. यंत्र खुंटी हलवत नाही. उलट आजूबाजूच्या हजारो ठिपक्यांनी कुठे जायचं ते खुंटीवरून ठरवतं.

आणि एखादा ढग सलग तीन महिने फार विरळ राहिला, तर तो विषय विलीन होतो. म्हणजे महाविद्यालयांतल्या त्या विषयाच्या जागा संपतात, तज्ज्ञांची यादी मिटते. निबंध पुसले जात नाहीत. शेजारच्या मोठ्या विषयात जातात आणि तिथल्या यादीत चाळीस हजाराव्या नंबरवर बसून राहतात.

[मर्यादा ओलांडली. मजकूर जतन केला आहे.]

रकाना ४. आपल्या कामाची नेहमीची पद्धत

एका निबंधाला चाळीस सेकंद. लेखकाचं नाव झाकलेलं असायचं. शीर्षक, सारांश आणि शेवटची संदर्भयादी एवढंच बघायचं, मधलं वाचायचं नाही. वाचलं की मत बनतं, आणि मत बनलं की हात थरथरतो, असं लांजेवार सर म्हणायचे. ते आमचे विभागप्रमुख. त्यांनीच मला शिकवलं.

त्यांचा पहिला नियम होता : काय अभ्यासलं ते बघा, कशाने अभ्यासलं ते बघू नका. "दुर्बिणीतून पोपट पाहिला तर निबंध पोपटाचा, कापगते. दुर्बिणीचा नाही."

पडद्यावर उजवीकडे 'ओळख' नावाचं बटण होतं. नाव झाकलेलं असूनही लेखक ओळखू आला तर ते दाबायचं. मग निबंध दुसऱ्या विभागात जायचा आणि तिथे सहा-आठ महिने पडून राहायचा. म्हणून ते कोणीच दाबत नसे. सतरा वर्षांत मी ते दोनदा दाबलेलं पाहिलं, दोन्ही वेळा सफाईवाल्या मावशींनी, फडक्याने.

रकाना ५. संबंधित व्यक्तीशी नाते

थोरली बहीण. डॉ. कुमुद कापगते. मी तिला ताई म्हणते, ती मला शैलू.

आम्ही कोहळी. आमच्या पूर्वजांनी भंडाऱ्याच्या बाजूला तलाव बांधले, एवढंच आमच्या घरात अभिमानाने सांगितलं जायचं. बाकी अभिमान वाटावा असं काही नव्हतं. ताईने त्या तलावांवर पीएच.डी. केली आणि पुढे अकरा वर्षं साकोलीच्या बाजूच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलं. तिचा विषय गाळविज्ञान. देशभरात त्यात दोनशे बारा निबंध होते आणि त्यातले एकतीस तिचे.

गाळविज्ञान म्हणजे नुसता चिखल नव्हे. तलावाच्या तळाशी काय साचतं, त्यावर कोणती वनस्पती वाढते, मासोळी काय खाते, उन्हाळ्यात शेतकरी कुठपर्यंत गाळ उचलतात आणि कुठे थांबतात, हे सगळं एकत्र. यातलं एक काढलं की उरलेलं कळत नाही, असं ताईचं म्हणणं होतं. म्हणूनच तो विषय कायम 'क' श्रेणीत राहिला. यंत्राला असा पसरट ढग आवडत नाही.

रकाना ६.

लागू नाही.

रकाना ७. निर्णय घेतेवेळची मनःस्थिती (योग्य त्या पर्यायावर खूण करा : थकवा / घाई / संभ्रम / इतर)

इतर.

निबंध क्रमांक ७१०४ दुपारी बाराच्या सुमाराला आला. सारांशाच्या दुसऱ्या ओळीत बोदलझरी तलावाचं नाव होतं. तिथे अकरा वर्षं बाटल्या घेऊन कोण जातं, हे मला वेगळं कोणी सांगायला नको होतं.

बोदलझरीत एक रीत होती. उन्हाळ्यात तलाव आटला की टोपल्यांनी गाळ काढायचा, पण खाली निळसर थर दिसला की टोपली ठेवून द्यायची. का, ते कोणी सांगत नसे. ताईने ते शोधून काढलं. निळ्या थरात आणि त्याच्या खाली आर्सेनिक आहे, म्हणजे सोमल. हवा पोहोचत नाही तोवर तो लोखंडाच्या आणि गंधकाच्या मिठीत बांधलेला राहतो. थर उघडा पडला, त्याला हवा लागली, की ती मिठी सुटते. पुढच्या पावसात तलाव भरला की सोमल पाण्यात उतरतो. तिथून मासोळीत, शिंगाड्यात, जवळच्या हातपंपांत.

हा निबंध कशाबद्दल होता? तलावाबद्दल. त्यातल्या लोकांबद्दल, त्यांनी कुठे थांबायचं त्याबद्दल. पण संदर्भयादीत अर्धे संदर्भ रसायनाचे होते, कारण मोजमाप रसायनाने केलं होतं.

गाळविज्ञानात टाकला असता तर 'क' श्रेणी. अवसाद-भूरसायनात, म्हणजे गाळाच्या रसायनात, टाकला तर 'अ'. ताईला कायम नेमणुकीसाठी 'अ' श्रेणीतला एक निबंध कमी पडत होता. ती त्रेचाळीस वर्षांची होती.

मी पोपट दुर्बिणीत टाकला. सत्तावीस सेकंद लागले.

रकाना ८. सदर निर्णयाचा लाभ कोणास झाला

दोन महिन्यांनी ताईने जेवायला बोलावलं. मासोळीचा रस्सा केला होता.

"शैलू, माझा निबंध 'अ'मध्ये आला."

"काय सांगतेस! कुठल्या विषयात?"

"भूरसायनात." वाढता वाढता तिचा हात थांबला. "मला वाटलं होतं गाळात जाईल."

"मग यंत्राला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

"यंत्रालाच ना?"

"नाहीतर काय मला?"

तिने माझ्या ताटातल्या भाताकडे बघितलं. मग हसली. "जेव. काटे सांभाळून."

जुलैमध्ये तिला नागपूरच्या एका संस्थेत भूरसायनाची कायम नोकरी लागली. तिने पहिल्यांदा स्वतःसाठी पंखा नसलेली, थंड हवेची खोली घेतली. मला साडी घेतली. मी ती नेसले.

रकाना ९. सदर निर्णयाची हानी कोणास झाली

७१०४ हा गाळविज्ञानाच्या ढगाचा मध्य होता. सदतीस निबंध त्याला अगदी लागून पडत होते. मी तो खुंटी म्हणून भूरसायनात ठोकला, तेव्हा ते सदतीस दर सोमवारी थोडे थोडे तिकडे ओढले जाऊ लागले. ते गेल्यावर उरलेल्यांतली अंतरं वाढली. मासोळीवरचे निबंध मत्स्यव्यवसायाकडे गेले, वनस्पतीवरचे वनस्पतिशास्त्राकडे. तीन वर्षं लागली. मी दर सोमवारी आकडा बघत होते. दोनशे बारा. एकशे सत्तर. नव्वद. एक्केचाळीस.

जूनमध्ये गाळविज्ञान विलीन झालं.

तेव्हाही मला वाटलं, एकच तर विषय गेला. विषय येतात, जातात.

रकाना १०. चूक केव्हा लक्षात आली

चूक पहिल्या दिवसापासून लक्षात होती. तिचा अर्थ लक्षात आला तो गेल्या वर्षी जानेवारीत. फोन फुलवंता वलथरेचा होता. ती ढिवराची, म्हणजे मासेमार समाजातली, बोदलझरीत शिंगाडा लावते. ताईला अकरा वर्षं तिनेच डोंग्यातून तलावभर फिरवलं, बाटल्या धरल्या.

"बाई, तुमची ताई फोन नाही उचलत. आमच्या तलावावर मशीन आली ना वो."

"कसली मशीन?"

"गाळ काढाची. तीन मीटर खोदतो म्हणते इंजिनेर. म्या म्हटलं, बाप्पा, निळा दिसला का थांबजो. तर म्हणते, बाई, दाखला हाये. तुमी शिंगाडे लावा, तलाव आमाले पाहू द्या."

दाखला म्हणजे ज्ञान-दाखला. सरकारी काम सुरू करण्याआधी विषयरेषेला विचारावं लागतं की संबंधित विषयांत या कामाविरुद्ध काही आहे का. चांगला नियम आहे. तो करताना मीही टिपण लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताई आणि मी त्या अभियंत्याला भेटलो. तरुण माणूस होता, सभ्य. आमच्यासाठी त्याने खुर्च्या पुसून घेतल्या.

"मॅडम, तुमचं नाव यादीत आहे. पण भूरसायनात आहे," तो ताईला म्हणाला. "तो विषय प्रयोगशाळेचा. क्षेत्रकामाला लागू नाही."

"माझ्या निबंधात या तलावाचं नाव आहे. खोलीसकट."

"असेल ना. मी निबंध वाचत नाही मॅडम, दाखला वाचतो. संबंधित विषयांत आक्षेप आढळला नाही, असं स्पष्ट लिहिलंय."

"संबंधित विषय किती होते?"

त्याने पडद्यावर बोट फिरवलं. "दोन. जलसंधारण आणि मत्स्यव्यवसाय. तिसरा होता, पण तो विलीन दाखवतोय."

"तिसराच माझा होता," ताई म्हणाली.

"मग तुम्ही त्यात असायला पाहिजे होतं," तो म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

परत येताना गाडीत मी ताईला सांगितलं. चाळीस सेकंदांतले सत्तावीस, सगळं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"रश्श्याच्या दिवसापासून. शैलू, तुला खोटं बोलताना भात जास्त लागतो."

"मग बोलली का नाहीस?"

"अकरा वर्षं दर जूनमध्ये नेमणुकीचा कागद मागायला रांगेत उभं राहून बघ, मग विचार." मग ती म्हणाली, "मला वाटलं, एकच तर निबंध आहे. बाकीचे तीस आहेत की तिथे."

रकाना ११. दुरुस्तीचे प्रयत्न

आधी मी साधी हरकत नोंदवली : खुंटी ७१०४ चुकीची आहे. यंत्र हरकत घेणाऱ्याची विश्वासार्हता आणि खुंटी ठोकणाऱ्याची विश्वासार्हता ताडून बघतं. दोन्ही मीच. खुंटी ठोकणारी शैलजा कापगते त्याला जास्त भरवशाची वाटली, कारण तिचे अकरा हजार तीनशे चाळीस निर्णय होते आणि हरकत घेणारीची ही पहिलीच हरकत होती. अर्ज फेटाळला.

मग मी लांजेवार सरांच्या घरी गेले. ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. बाल्कनीत मटार सोलत बसले होते. मला बघून त्यांनी अर्धे मटार माझ्यापुढे सरकवले.

"कबुली द्यायची म्हणतेस."

"हो, सर."

"नियम माहीत आहे ना? जाणूनबुजून एक खुंटी चुकीची ठोकली असेल, तर त्या हाताच्या सगळ्या खुंट्या काढतात."

"माहीत आहे."

"अकरा हजार."

"अकरा हजार तीनशे चाळीस."

"आणि नव्या कोण ठोकणार? माणसांकडून ते काम काढून घेतलंय. यंत्र आता स्वतःच स्वतःला तपासतं." ते शेंग फोडायचे थांबले. "फक्त तुझ्या खुंट्यांवर उभे असलेले विषय किती?"

"त्रेचाळीस. छोटे आहेत सगळे."

"छोटेच पडतात, कापगते. मोठ्यांना खुंटी लागतच नाही. एका तलावासाठी त्रेचाळीस विषय?"

"तलावाकाठी माणसं आहेत, सर."

"त्या त्रेचाळिसांत नाहीत?"

मी एक शेंग फोडली. ते सोलता सोलता म्हणाले, "तू ओळखीचं बटण दाबलं असतंस तर निबंध पडून राहिला असता. तेही वाईटच. पण ते आपल्या हातून झालं नसतं." मग, "कोणीच दाबत नव्हतं. मीही नाही. माझ्या जावयाचे चार निबंध आहेत."

"सर?"

"आता विचारू नकोस. मी कबुली देणार नाही. माझ्या तेवीस हजार आहेत."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या बुधवारी मी कबुली नोंदवली. ती नोंदवताना मला एवढंच वाटत होतं : माझी खुंटी निघेल, ७१०४ मोकळा होईल, आपल्या जागी परत जाईल, त्याच्या मागोमाग सदतीस परत येतील. दाखला नव्याने मागावा लागेल. मशीन थांबेल. त्रेचाळीस विषयांचं काय होईल याचा विचार मी केला नाही असं नाही. केला, आणि तरीही कबुलीचं बटण दाबलं. तेही नोंदवून घ्या.

रकाना १२. दुरुस्तीचा परिणाम

सोमवारी सकाळी नऊ वाजता नव्या सीमा आल्या.

७१०४ जागचा हलला नव्हता.

मी तीनदा तपासलं. खुंटी निघाली होती. ठिपका मोकळा होता. पण यंत्राने माझ्या खुंटीभोवती साडेतीन वर्षं स्वतःला घडवलं होतं. गाळ, तलाव, निळा थर हे शब्द आता त्याला रसायनाचेच वाटत होते. सदतीस निबंध तिथेच होते. आता माझी गरज उरली नव्हती. कोणाचीही उरली नव्हती. माझी चूक त्याचं ज्ञान झाली होती.

त्रेचाळिसांपैकी एकोणचाळीस विषय तीन महिन्यांत विलीन झाले.

त्या काळात मला एकच फोन आला. कोल्हापूरकडचे एक म्हातारे गृहस्थ, आवाज अगदी मऊ. गुराखी गुरांना ज्या हाका मारतात, त्यांवर त्यांनी आयुष्य घालवलं होतं. रागावले नव्हते.

"मॅडम, फक्त एवढंच सांगा, आम्हाला संगीतात टाकलंय की पशुवैद्यकात?"

मी बघून सांगितलं. "ध्वनिप्रदूषणात."

"बरं, बरं," ते म्हणाले. "तसदी दिली."

रकाना १३. कामाच्या ठिकाणी प्रत्यक्ष काय घडले

एप्रिलमध्ये बोदलझरी तलाव तीन मीटर खोदला गेला. ताई तिथे गेली आणि खोदणाऱ्या मशीनसमोर उभी राहिली. हे तिने मला सांगितलं नाही, फुलवंताने सांगितलं. चालकाने इंजिन बंद केलं, तिला पाणी दिलं, आणि साहेबाला बोलावून आणलं. साहेबाने पुन्हा दाखला दाखवला. फुलवंता म्हणाली, "तुमची ताई मंग काठावर बसली. निळी माती टरकात भरत होते, तं मोजत बसली. सत्तर टरक मोजले. मंग उठली अन् म्हणे, फुलवंता, आता मोजून काय कराचं."

ऑगस्टमध्ये मासोळी उलटी तरंगली. मत्स्यव्यवसायाच्या तज्ज्ञांनी प्राणवायू कमी पडल्याचं लिहिलं. त्यांच्या विषयात तेवढंच कारण होतं. ताईने गावात घरोघर जाऊन सांगितलं की हातपंपाचं पाणी पिऊ नका. "मंग काय पेवाचं, बाई?" असं त्यांनी विचारलं. टँकर हवा तर पाणी दूषित असल्याचा दाखला हवा होता. दाखला कोणाकडे मागायचा, ते समितीला मी नव्याने सांगायला नको.

ऑक्टोबरात शिंगाडा निघाला. बाजारात गेला.

जानेवारीत लोकांच्या अंगावर डाग दिसायला लागले. पावसाच्या थेंबांनी धूळ उठावी तसे आधी छातीवर, मग तळहात-तळपाय कडक. एवढ्या लवकर असं होत नाही, असं तालुक्याचे डॉक्टर म्हणाले. प्रमाण फार असेल तर होतं, असं ताई म्हणाली. डॉक्टरांनी विषयरेषेला लक्षणं आणि तलाव दोन्ही घालून विचारलं. एकत्र काही सापडलं नाही.

रकाना १४, १५, १६.

हे रकाने मंडळाने भरायचे आहेत, असं वर लिहिलं आहे.

रकाना १७. सद्यःस्थिती

मार्चपर्यंत बोदलझरीच्या त्वचेवर एकशे चार निबंध आले. त्वचारोग, पोषण, बालरोग. चांगली माणसं आहेत, धावत आली. यंत्राला नवा ढग दिसला, दाट आणि नेटका, दोन्ही त्याला आवडतं तसं. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी नवा विषय जाहीर झाला : तलावक्षेत्रीय त्वचाविकारशास्त्र. श्रेणी 'अ'.

त्या विषयाच्या पहिल्या प्राध्यापकपदासाठी ताईला विचारणा झाली. बोदलझरीवर सर्वांत जास्त काम तिच्याच नावावर होतं.

"घेणार?" मी विचारलं.

"नाही म्हटलं तर दुसरा कोणी येईल. त्याला तलाव कुठे खोल आहे तेही माहीत नसेल."

"तू खोलीबद्दल लिहू शकणार आहेस का?"

तिने मला संमतिपत्रकाचा नमुना दाखवला. रुग्णाला वाचून दाखवायचा असतो. चौथं वाक्य असं होतं : 'या विकाराचे कारण अद्याप ज्ञात नाही.' ते बदलायचं तर कारण सांगणारा निबंध याच विषयातला असावा लागतो. ७१०४ या विषयात नाही. तो भूरसायनात आहे, चाळीस हजारच्या पुढे कुठेतरी. ताईने तीन वेळा अर्ज केला. तिसऱ्या वेळी उत्तर आलं की लेखिकेचा स्वतःच्याच निबंधाशी हितसंबंध आहे.

रकाना १८. आपली बाजू मांडणारा साक्षीदार

नाही.

रकाना १९. अन्य काही

मे महिन्यात ताईबरोबर मी बोदलझरीला गेले. मला काम नव्हतं, म्हणून तिने पिशव्या धरायला नेलं. नखांत सोमल साचतो, म्हणून नखांचे नमुने घ्यायचे होते. यादीत पहिलं नाव फुलवंताचं होतं. तिनेच लावून घेतलं होतं. "मी नाही बसली तं कोणीच नाही बसनार," म्हणाली.

अंगणात खाट टाकली होती. तिने हात पुढे केले. तळहात शेंगदाण्याच्या टरफलासारखे झाले होते.

"लगनाच्या हळदीनंतर आज कोणी माहे हात हाती घेते," ती म्हणाली आणि हसली. शेजारच्या बायाही हसल्या. ताई हसली नाही. तिने आधी पत्रक वाचायला घेतलं, तसा नियम आहे. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. चौथ्याशी ती थांबली, पण वाचलं. मोठ्याने, स्पष्ट वाचलं.

"या विकाराचे कारण अद्याप ज्ञात नाही."

फुलवंता म्हणाली, "असं कसं वो, बाई? तुमीच तं सांगतलं होतं. अकरा वर्सं सांगतलं."

"ते मी सांगितलं होतं," ताई म्हणाली. "हे कागदावरचं आहे."

"मंग खरं कोनतं?"

ताईने पाचवं वाक्य वाचलं. मग सहावं. नमुने परत मिळणार नाहीत, असं सहावं वाक्य होतं.

"बरं," फुलवंता म्हणाली. "कुठं ठसा देऊ?"

मी ठशाचं छोटं यंत्र तिच्यापुढे धरलं. तिने अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. कातडी इतकी कडक झाली होती की यंत्राला रेषाच सापडत नव्हत्या. मधलं बोट नाही. त्याच्या शेजारचं नाही. तिने हात उलटा करून बघितला, जसा काही तो दुसऱ्या कोणाचा आहे. मग डावा हात घेतला.

शेवटी डाव्या करंगळीला हिरवा दिवा लागला.

ताईने तिची करंगळी आपल्या बोटांत धरली आणि नखं कापायला सुरुवात केली.